प्रकल्प नोंदी: तरुण आणि म्हाताऱ्या मज्जेतल्या रक्तमूळपेशी

५ जानेवारी

प्रश्न आधी सरळ शब्दांत लिहून ठेवते. वय वाढलं की अस्थिमज्जेतल्या रक्तमूळपेशी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या) कमी होतात, की पेशी असतात पण त्यांची ताकद घटते? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात म्हाताऱ्या उंदरांत या पेशींचं प्रमाण तरुणांच्या पाचपट सापडलं होतं. पण प्रत्यारोपणानंतर नव्या मज्जेत पोचून तिथे रुजण्याची त्यांची क्षमता जेमतेम पाव भरली. म्हणजे संख्या वर आणि कुवत खाली. आम्हाला तेच एकाच पॅनेलने (पेशीवरच्या खुणांना चिकटणाऱ्या रंगीत अँटिबॉडींच्या संचाने), एकाच दिवशी काढलेल्या पेशींवर तपासायचं आहे. त्याच्या पुढचा प्रश्न माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे: ताकद घटते ती सगळ्या रक्तपेशींसाठी सारखीच, की काहींसाठी जास्त?

हा प्रश्न फक्त उंदरांचा नाही. माणसात मज्जा प्रत्यारोपणासाठी शक्यतो तरुण दाता निवडतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसांत दहातल्या एकाहून जास्त जणांच्या रक्तात, एकाच बदललेल्या मूळपेशीपासून वाढलेला पेशींचा गट सापडतो, आणि तो माणूस एरवी ठणठणीत असू शकतो. वयाबरोबर या पेशींचं नेमकं काय होतं, याचं उत्तर दवाखान्यात रोज लागतं.

आज मॅडमशी आराखडा ठरला. त्यांनी एकच अट घातली: "मार्कर बघून मूळपेशी म्हणायचं नाही. प्रत्यारोपणाचा निकाल येईपर्यंत वहीत 'स्लॅम पेशी' एवढंच लिही." मार्कर म्हणजे पेशीच्या अंगावरची ओळखखूण, आणि स्लॅम पेशी म्हणजे सीडी१५० आणि सीडी४८ या खुणांवरून वेचलेल्या पेशी. ही शिस्त जुनीच आहे. टोरांटोत टिल आणि मॅक्युलक यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना मज्जा टोचली आणि त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या. पेशी दिसते कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं, ती काय करते तेवढं कळत होतं. आज आपल्याकडे डझनभर अँटिबॉडी आहेत, तरी पुरावा शेवटी तोच लागतो.

९ जानेवारी

पॅनेल पक्कं केलं. आधी वंश-मार्करांचं मिश्रण: सीडी३, सीडी४, सीडी८, बी२२०, जीआर-१, सीडी११बी, टर११९. यातलं काहीही अंगावर असलेली पेशी आपला मार्ग निवडून बसलेली असते, ती बाद. उरलेल्यांत सी-किट आणि स्का-१ दोन्ही असलेल्या पेशी, म्हणजे एलएसके. त्यांच्यातून सीडी१५० पॉझिटिव्ह, सीडी४८ निगेटिव्ह, म्हणजे स्लॅम पेशी. ही शेवटची जोडी २००५ मध्ये पुढे आली आणि तिने काम कितीतरी सोपं केलं.

सीडी४१ वर बराच वेळ चर्चा झाली. मूळ स्लॅम पद्धतीत सीडी४१ असलेल्या पेशी गाळून टाकतात. पण वयाबरोबर मूळपेशींवरच सीडी४१ वाढतं. ते वंश-मिश्रणात घातलं, तर म्हाताऱ्या उंदरांच्या नेमक्या ज्या पेशी अभ्यासायच्या आहेत त्याच गाळात जातील. तरुण उंदरांवर बसवलेलं पॅनेल डोळे झाकून म्हाताऱ्यांना लावलं की असं होतं. सीडी४१ वगळलं.

सगळे उंदीर सी५७बीएल/६ जातीचेच. बाल्ब/सी जातीत स्का-१ इतकं कमी दिसतं की एलएसकेचं गेट (आलेखावर पेशी निवडण्यासाठी मारलेली रेघ) लावण्यात अर्थ राहत नाही.

सीडी१५० मंद दिसतं, म्हणून त्याला सगळ्यात तेजस्वी रंग दिला, पीई. प्रत्येक अँटिबॉडी पातळ करत करत किती पुरते ते पाहिलं. जास्त घातली की फायदा नाही, उलट पार्श्वभूमी चढते आणि निगेटिव्ह पेशी उगाच पॉझिटिव्हकडे सरकतात. एफएमओ ट्यूबा लावल्या: प्रत्येकीत एक रंग सोडून बाकी सगळे. लाखात पाच-दहा पेशी शोधायच्या असतील तर गेटची रेघ कुठे मारायची हे या ट्यूबाच ठरवतात. इथे केसभर सैल रेघ मारली की मूळपेशींपेक्षा भेसळ जास्त.

१५ जानेवारी

आज चाचणी म्हणून एक तरुण आणि एक म्हातारा उंदीर. तरुण तीन महिन्यांचा, म्हातारा बावीस महिन्यांचा.

मांडीची, नडगीची आणि नितंबाची हाडं काढली. हाडावरचं मांस नीट खरवडायला वेळ द्यावा लागतो. चिकटलेले तंतू राहिले की पुढे गाळणी तुंबते. मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं कापली, २५ गेजची सुई आत घालून दोन टक्के सीरम घातलेलं थंड द्रावण सोडलं, आणि लाल मज्जा एका सलग धाग्यासारखी ट्यूबमध्ये उतरली. हाड पांढरं पडलं की काम झालं असं वाटतं. पण तेच पांढरं हाड खलात कुटलं तर द्रावण परत गुलाबी होतं. हाडाच्या आतल्या कडेला आणि टोकांच्या जाळीदार भागात पेशी घट्ट धरून असतात, नुसत्या धारेने त्या सुटत नाहीत. कोणत्या पेशी सुटतात आणि कोणत्या नाहीत हे दोन्ही वयांत सारखंच असेल असं धरून चालता येत नाही. म्हणून ठरलं: मुख्य प्रयोगात सगळी हाडं कुटायचीच, धार मारायची नाही.

तरुण उंदराकडून साधारण सहा कोटी पेशी मिळाल्या. लाल पेशी फोडून, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून सगळं बर्फावर ठेवलं.

एक चिंता नोंदवून ठेवते. मज्जेत प्राणवायू हवेपेक्षा खूप कमी असतो. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की मज्जा उघड्या हवेत काढली की तेवढ्या वेळातच बऱ्याच मूळपेशी आपला मूळपणा हरवतात. पूर्ण कमी प्राणवायूत काम करायची सोय आमच्याकडे नाही. दोन्ही वयांच्या पेशी हवेत आणि बर्फावर सारखाच वेळ राहतील एवढं सांभाळता येईल, ते सांभाळणार.

१७ जानेवारी

आकडे बसून पाहिले. तरुण मज्जेत स्लॅम पेशी लाखाला सहा-सात. म्हाताऱ्यात लाखाला चाळीस. साधारण सहापट. गेट तेच, एफएमओ तेच, मशीन तेच.

शिवाय म्हाताऱ्या पेशींचा ढग सीडी१५० च्या अक्षावर वर सरकलेला आहे. सीडी१५० जास्त असलेल्या मूळपेशींचा कल मायलॉइड बाजूला, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट बनवण्याकडे असतो, हे आधीपासून माहीत आहे. चित्र जमतंय. पण ही अजून नुसती हजेरी आहे.

धाकटी सहकारी म्हणाली, "ताई, सहापट मूळपेशी असतील तर म्हातारा उंदीर जास्त निरोगी असायला हवा ना?" या सगळ्या प्रकल्पाचा गाभा तिने एका वाक्यात विचारला.

२० जानेवारी

मुख्य प्रयोगाचे दाते तपासले. एका म्हाताऱ्या उंदराची प्लीहा फुगलेली निघाली. त्याला यादीतून काढलं. या वयात लिम्फोमा असणं नवल नाही, आणि नुसती दाह-स्थिती असली तरी इंटरफेरॉनमुळे स्का-१ वाढतं. मग एरवी स्का-१ नसलेल्या पूर्वज पेशीही एलएसकेच्या गेटमध्ये शिरतात आणि मूळपेशी वाढल्याचा भास होतो. अशा दात्याने सहापटीचा आकडा आणखी फुगला असता आणि तो फुगवटा खोटा असता. आता प्रत्येक दात्याची प्लीहा तोलून मगच हाडं घ्यायची.

२४ जानेवारी

प्रत्यारोपणाचा दिवस. सगळं तपशिलात लिहिते, कारण पुढचे सगळे महिने याच्यावर उभे आहेत.

दात्यांच्या पेशींवर सीडी४५.२. स्वीकारणाऱ्या उंदरांच्या पेशींवर सीडी४५.१. स्पर्धक मज्जा, म्हणजे तुलनेसाठी दात्याच्या पेशींसोबत टोचायची साधी मज्जा, त्या दोघांच्या संकरातली, म्हणून तिच्या पेशींवर दोन्ही. तीन उगम, तिन्ही रक्ताच्या एका थेंबात वेगळे ओळखता येतात. दोन प्रकारांत फरक अगदी किरकोळ आहे आणि उंदराच्या तब्येतीवर त्याचा परिणाम होत नाही, पण अँटिबॉडीला तो दिसतो.

स्वीकारणाऱ्यांना एकूण ९.५ ग्रे किरणोत्सर्ग, दोन हप्त्यांत, मध्ये काही तास सोडून. एकदम दिला तर आतड्याला जास्त इजा होते.

हाडं कुटली, सी-किटच्या चुंबकीय मण्यांनी पेशी वेचून घेतल्या. इतक्या विरळ पेशींसाठी ही पायरी टाळून चालत नाही, नाहीतर सॉर्टर (पेशी एकेक करून वेगळ्या काढणारं यंत्र) दिवसभर नको असलेल्या पेशीच मोजत बसतो. मग दोन फेऱ्या. पहिलीत भर जास्तीत जास्त पेशी मिळवण्यावर, थोडी भेसळ चालते. दुसरीत शुद्धतेवर. दुसऱ्या फेरीत पेशी थेट ९६ खणांच्या ताटलीत, प्रत्येक खणात दहा, आणि त्याच खणात स्पर्धक मज्जेच्या दोन लाख पेशी. एक खण एका उंदराला. मध्ये ट्यूब बदलायची नाही, कारण दहा पेशी ट्यूबच्या भिंतीला चिकटून कधी गेल्या ते कळतही नाही. सॉर्टर सांभाळणारे दादा थेंबाची वेळ सारखी तपासत होते, पेशी खणाच्या मधोमध पडते की कडेला हे त्यांनी आधी रिकाम्या ताटलीवर पाहून घेतलं होतं. त्यांच्या हाताशिवाय हा दिवस निभला नसता.

चार गट: तरुण स्लॅम पेशी, म्हाताऱ्या स्लॅम पेशी, तरुण उंदराच्या सीडी४८ पॉझिटिव्ह एलएसके पेशी (यांच्या मात्र खणाला शंभर), आणि नुसती स्पर्धक मज्जा. शिवाय फक्त किरणोत्सर्ग दिलेले, काहीच न टोचलेले थोडे उंदीर.

आधीच एक गणित मांडून ठेवते, म्हणजे नंतर निकाल बघून अपेक्षा बदलायला नको. तरुण मज्जेत लाखाला सहा-सात स्लॅम पेशी, तर स्पर्धकाच्या दोन लाखांत सुमारे तेरा. आम्ही दिल्या दहा. दोन्हीकडच्या पेशी तुल्यबळ असल्या तर दात्याचा हिस्सा २३ त १०, म्हणजे ४३ टक्क्यांच्या आसपास यावा. सॉर्टिंगचा त्रास धरून थोडा खाली.

३ फेब्रुवारी

फक्त किरणोत्सर्ग दिलेले उंदीर अपेक्षेप्रमाणे खंगायला लागले, वजनाची ठरलेली मर्यादा ओलांडताच त्यांना वेदना न होऊ देता संपवलं. या गटात कमीत कमी उंदीर ठेवले होते. तो नसता तर उरलेले उंदीर आमच्या पेशींमुळे जगले की स्वतःच्या उरल्यासुरल्या मज्जेवर, हे सांगता आलं नसतं. त्यांचं देणं मोठं आहे. पुढच्या कामात त्यांची माहिती वाया जाणार नाही याची जबाबदारी आमची.

प्रत्यारोपणाच्याच दिवशी लावलेल्या मेथिलसेल्युलोजच्या (पेशींच्या वसाहती वाढवण्याचं घट्टसर माध्यम) ताटल्याही आज मोजल्या. तरुण आणि म्हाताऱ्या स्लॅम पेशींनी जवळजवळ सारख्याच वसाहती दिल्या, मोठ्या, मिश्र, लाल पेशींसकट. सीडी४८ पॉझिटिव्ह पेशींनीही भरपूर दिल्या. ताटलीवर तिघींत फरक सांगणं कठीण आहे. ताटली दहा-बारा दिवसांची क्षमता दाखवते, आणि तेवढी क्षमता मूळपेशीच्या कितीतरी खालच्या पूर्वजांकडेही असते.

२१ फेब्रुवारी

चार आठवडे. शेपटीतून रक्त घेतलं.

सीडी४८ पॉझिटिव्ह गटात दात्याचा हिस्सा चांगला दिसतो, काही उंदरांत तर म्हाताऱ्या स्लॅम पेशींच्या वर. आज कोणी हा एकच आकडा पाहिला तर उलटाच निष्कर्ष काढेल. चार आठवड्यांचं रक्त हे झटपट विभाजन करून संपून जाणाऱ्या पूर्वजांचं काम आहे. खऱ्या मूळपेशी अजून मज्जेत जागा धरून बसताहेत. टी पेशी जवळपास नाहीतच, त्यांना थायमसमधून यायचं असतं, त्या उशिरा येतात.

आकडे वहीत लिहिले. त्यावर बोलायचं नाही असं ठरलं आहे.

२१ मार्च

आठ आठवडे. सीडी४८ गटाचे ग्रॅन्युलोसाइट घसरले, बी पेशी टिकून आहेत. तरुण स्लॅम गट चढतोय.

१८ एप्रिल

बारा आठवडे. म्हाताऱ्या गटाच्या बी पेशी वाढेनात. बाकी मागच्यासारखंच.

१६ मे

सोळा आठवडे. आता वाचायला हरकत नाही.

सगळ्यात आधी ग्रॅन्युलोसाइट पाहिले. ते फार थोडे दिवस जगतात. आज रक्तात दात्याचा ग्रॅन्युलोसाइट दिसतो याचा अर्थ असा की तो बनवणारी मूळपेशी मज्जेत आजही काम करतेय. टी आणि बी पेशी महिनोन्‌महिने जगू शकतात, म्हणून त्या एकेकाळी झालेल्या कामाची नुसती शिल्लकही असू शकतात. सीडी४८ पॉझिटिव्ह गटाने हेच दाखवलं: ग्रॅन्युलोसाइट जवळपास शून्य, लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी) मात्र अजून रेंगाळताहेत. एकूण पांढऱ्या पेशींचा एकच आकडा दिला असता तर हा गट मूळपेशींचा म्हणून खपला असता.

तरुण स्लॅम गट: ग्रॅन्युलोसाइटमध्ये दात्याचा हिस्सा मध्यक ३८ टक्के, बी पेशींत ३५. जानेवारीत मांडलेल्या ४३ च्या जरा खाली, म्हणजे आम्ही वेचलेल्या पेशी खरोखर स्पर्धकांच्या तोडीच्या होत्या. हे फार दिलासा देणारं आहे. पद्धतच कच्ची असती तर पुढची तुलना निरर्थक ठरली असती.

म्हातारा स्लॅम गट: ग्रॅन्युलोसाइटमध्ये १५ टक्के, बी पेशींत ५.

नुसते टक्के बघून "निम्म्याहून कमी" असं म्हणणं बरोबर नाही, कारण समोर स्पर्धक आहे. दाता आणि स्पर्धक यांचं गुणोत्तर घ्यायला हवं. ग्रॅन्युलोसाइटसाठी तरुण ३८ ला ६२, म्हाताऱ्या १५ ला ८५. भागाकार केला तर एका म्हाताऱ्या पेशीची ताकद तरुण पेशीच्या तीन दशांशाच्या जवळ. बी पेशींसाठी ३५ ला ६५ आणि ५ ला ९५: ताकद साधारण एक दशांश.

आता हजेरीचा आकडा यात घालायचा. म्हाताऱ्या मज्जेत स्लॅम पेशी सहापट. सहाला तीन दशांशाने गुणलं की पावणेदोनच्या आसपास येतं: ग्रॅन्युलोसाइटच्या बाबतीत म्हाताऱ्या मज्जेची एकूण कुवत तरुणापेक्षा कमी नाही, थोडी जास्तच. सहाला एक दशांशाने गुणलं की सहा दशांश: बी पेशींच्या बाबतीत ती तुटीत आहे.

म्हणजे संख्या वाढून घट भरून निघते, पण एकाच बाजूची. धाकट्या सहकारीच्या प्रश्नाला आता उत्तर आहे. सहापट पेशी असूनही म्हातारा उंदीर निरोगी नाही, कारण लिम्फोसाइटची बाजू त्या सहापटीनेही सावरत नाही. उतारवयात लस कमी लागू पडते आणि नवे संसर्ग जड जातात, त्याचं थोडंसं मूळ इथे असू शकतं. थोडंसंच म्हणते, कारण थायमस आक्रसणं हे स्वतंत्र कारण आहे आणि आमच्या प्रयोगात थायमस तरुण उंदराचा होता. पण त्याच मुद्द्याची दुसरी बाजूही महत्त्वाची: म्हाताऱ्या पेशींना तरुण शरीर, तरुण मज्जा मिळूनही त्यांचा कल बदलला नाही. निदान या दोषाचा बराचसा भाग पेशीच्या आतच आहे.

२० मे

मॅडम म्हणाल्या, "छान आहे, पण दुसरी फेरी झाल्याशिवाय लिहायला बसू नकोस." बरोबर आहे. मूळपेशीने रक्त बनवलं हे दिसलं, तिने स्वतःसारखी दुसरी मूळपेशी बनवली का हे अजून दिसलेलं नाही.

तरुण आणि म्हाताऱ्या गटातल्या प्रत्येक उंदराची मज्जा काढून नव्या किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना टोचली, प्रत्येकी वीस लाख पेशी. यावेळी स्पर्धक वेगळा घातला नाही, तो मज्जेत आहेच.

मज्जा काढली तेव्हा आणखी एक गोष्ट तपासली. दात्याच्या स्लॅम पेशी की-६७ (विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन) साठी रंगवल्या. दोन्ही गटांत बहुतेक पेशी जी-शून्य अवस्थेत, म्हणजे शांत. तरुण उंदरात रोज साधारण आठ टक्के मूळपेशी विभाजनाच्या चक्रात उतरतात असं १९९९ मध्ये मोजलं गेलं होतं, त्यामुळे कुठल्याही एका क्षणी बहुतेक पेशी निजलेल्या सापडणारच. निदान की-६७ वरून तरी म्हाताऱ्या पेशी जास्त धावपळीत असल्याचं दिसत नाही. मग ताकद गेली कुठे, हे या रंगात नाही.

९ सप्टेंबर

दुसऱ्या फेरीचे सोळा आठवडे पूर्ण.

तरुण दात्याच्या पेशी बहुतेक सगळ्या दुसऱ्या उंदरांत टिकल्या आणि तिन्ही वंश (ग्रॅन्युलोसाइट, बी आणि टी पेशी) देताहेत. एका उंदरात त्या नाहीशा झाल्या. त्याला मज्जा देणाऱ्या पहिल्या उंदरातही हिस्सा सगळ्यात कमी होता.

म्हाताऱ्या दात्यांच्या बाबतीत उंदरागणिक फरक मोठा आहे, आणि सरासरी काढली असती तर तो झाकला गेला असता. काही उंदरांत दात्याचे ग्रॅन्युलोसाइट एक टक्क्याच्या खाली, म्हणजे आमच्या मोजमापाने नाहीतच. दोन उंदरांत मात्र हिस्सा पहिल्या फेरीपेक्षाही वाढलाय, जवळजवळ सगळा मायलॉइड. म्हणजे म्हातारी मज्जा एकसारखी दुबळी नाही. तिच्यात बहुसंख्य पेशी थकलेल्या आणि मोजक्या पेशी अजून जोरात, असं मिश्रण असावं. दहा-दहा पेशींच्या गटाने यापुढे जाता येत नाही, कारण त्या दहांतली कोणती जोरात आहे ते कळत नाही.

म्हणून पुढची पायरी एकेक पेशीची. एका खणात एकच म्हातारी स्लॅम पेशी, सॉर्टर प्रत्येक पेशीचा सीडी१५० आणि सीडी४१ चा आकडा खणासोबत नोंदवून ठेवेल, आणि सोळा आठवड्यांनी मागे वळून पाहायचं की रुजलेल्या पेशी त्या दिवशी कशा दिसत होत्या. तरुण उंदरांच्या एकेकट्या स्लॅम पेशी दिल्या तेव्हा २००५ च्या कामात जवळपास निम्म्या रुजल्या होत्या. म्हाताऱ्यांत हे प्रमाण बरंच खाली येईल असं धरून उंदरांची संख्या ठरवावी लागेल, नाहीतर रुजलेल्या पेशी इतक्या थोड्या मिळतील की त्यांच्यात साम्य शोधता येणार नाही. प्राण्यांच्या नीतिसमितीकडे अर्ज लिहायला घेतलाय. या फेरीत नुसत्या किरणोत्सर्गाचा गट परत लागणार नाही, मात्रा तीच आहे आणि मशीनही तेच, एवढं त्यात स्पष्ट मांडणार आहे.